आंधळ्या पंचाची पंचाहत्तरी

पिट्सबर्गच्या विमानतळावरच क्लेमंट झाट्कोचं डोकं पहिल्यांदा फिरलं.

मुलीला आणि जावयाला विमानतळावर सोडून यायचंय, एवढंच त्याला सांगण्यात आलं होतं. पंचाहत्तरीला एक दिवस उरलेला हा माणूस स्वतः गाडी हाकत दीड तास आला, फाटकापाशी गाडी लावली, आणि बघतो तर मुलगी रोक्सॅन डिकीतून त्याचीच जुनी तपकिरी बॅग बाहेर काढतेय. बायको अर्लीन बाजूला उभी राहून तोंडावर हात धरून हसत होती.

"सरप्राइज!" रोक्सॅन ओरडली. "फ्लोरिडा! समुद्रावर घर घेतलंय. उद्या एक मॅच, रविवारी एक मॅच, मधे नुसतं वाळूत लोळायचं. तुमचा वाढदिवस, पप्पा!"

"माझ्या चड्ड्या बॅगेत कुणी भरल्या?"

"मी भरल्या," अर्लीन म्हणाली.

"मला न विचारता?"

"विचारून भरल्या असत्या तर सरप्राइज कसलं?"

"आणि खिडकीतली टोमॅटोची रोपं? ती काय विमान बघून पाणी पितील?"

जावई टॉड मोबाइलवर हे सगळं टिपत होता. टॉड स्वभावानं गोड, पण कुठलीही गोष्ट घडत असली की ती मोबाइलमधूनच बघणारा. क्लेमंटनं त्याच्याकडे एक नजर टाकली तसा त्यानं मोबाइल खिशात घातला.

असा हा माणूस. टॅनर्स रन नावाच्या गावात जन्मला, तिथल्याच काचेच्या कारखान्यात छत्तीस वर्षं तपासनीस होता. पट्ट्यावरून काच पुढे सरकायची, मागे दिवा, आणि ह्यानं त्यातला बुडबुडा शोधायचा. मोहरीएवढा बुडबुडासुद्धा त्याच्या डोळ्यांतून सुटला नाही, असं कारखान्यातली माणसं अजून सांगतात. शनिवार-रविवारी मात्र तो बेसबॉलचा पंच. शाळांच्या मॅचेस, चर्चच्या मॅचेस, कारखान्यांच्या मॅचेस. एकतीस वर्षं तो होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजापाशी जमिनीत बसवलेल्या पाचकोनी पाटीच्या, मागे वाकून उभा राहिला. गुडघे गेले, पाठ गेली, पण आपला एकही निर्णय त्यानं कधी परत घेतला नाही. मैदानावर पुढच्या क्षणी काय होणार ते कळत नाही, म्हणून तर उरलेल्या आयुष्यात सगळं आधी विचारून, ठरवून झालं पाहिजे, असा त्याचा बाणा. अशा माणसाला सरप्राइज देणं म्हणजे झोपलेल्या कुत्र्याच्या शेपटीवर पाय देणं. पण लेकीनं दिलं होतं, म्हणून तो धुसफुसत का होईना, विमानात बसला.

समुद्रकाठचं घर छान होतं. खांबांवर उभं, पुढे व्हरांडा, चार पायऱ्या उतरलं की वाळू. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीचा मग घेऊन तो पाण्याच्या कडेनं लांब चालून आला, आणि परत आल्यावर म्हणाला, "बरं आहे." अर्लीननं रोक्सॅनला डोळा मारला. क्लेमंटचं 'बरं आहे' म्हणजे दुसऱ्या कुणाचं टाळ्या वाजवणं.

संध्याकाळी मॅच. फिडलर्स नावाचा तिथला छोटा क्लब, खेकडा हे त्याचं बोधचिन्ह, हजार-दीड हजार माणसांचं लाकडी स्टेडियम. रोक्सॅननं जागा हेरून घेतल्या होत्या, होम प्लेटच्या बरोबर मागे तिसरी रांग. क्लेमंटच्या एका हातात हॉटडॉग, दुसऱ्यात उकडलेल्या शेंगांची पुडी. लोक चेंडू बघत होते, हा पंचाचे पाय बघत होता.

"पोरगा चांगला उभा राहतो," तो टॉडला म्हणाला. "डावा पाय बघ. चेंडू सुटायच्या आधी स्थिर. ह्याला कुणीतरी नीट शिकवलंय."

"अच्छा," टॉड म्हणाला. टॉडला त्यातलं काही कळत नव्हतं, पण सासरा आपणहून बोलतोय याचंच त्याला अप्रूप होतं.

पाचवी इनिंग संपली आणि लाउडस्पीकर खाकरला. "मंडळी! आज आपल्यात एक खास पाहुणा आहे! पेनसिल्व्हेनियाहून आलेले क्लेमंट झाट्को, आज पंचाहत्तर वर्षांचे!"

टाळ्या झाल्या. क्लेमंटनं ओशाळून टोपी उचलली. तेवढ्यावर थांबलं असतं तर सगळं गोड झालं असतं.

"क्लेमंट एकतीस वर्षं पंच होते! आणि १९८९ साली त्यांनी असा काही निर्णय दिला, की त्यांचं स्वतःचं गाव काउंटीची फायनल हरलं! गाव अजून म्हणतं, तो खेळाडू आऊट नव्हता, सेफ होता! मंडळी, तुम्हाला काय वाटतं?"

"से-फ!" सगळं स्टेडियम एका आवाजात ओरडलं. त्यातल्या एकानंही ती मॅच पाहिली नव्हती. बरेचसे तर तेव्हा जन्मलेही नव्हते.

पायऱ्यांवरून क्लबचा खेकडा उड्या मारत आला. म्हणजे खेकड्याचा लाल पोशाख घातलेला कुणीतरी. एका नांगीत आंधळ्याची पांढरी काठी, दुसऱ्यात ताटाएवढ्या काचांचा प्लास्टिकचा चष्मा. त्यानं तो चष्मा क्लेमंटच्या नाकावर चढवला, काठी त्याच्या मांडीवर ठेवली आणि भोवती चाचपडत नाचायला लागला. मोठ्या पडद्यावर क्लेमंटचा चेहरा, चष्म्यातून बेडकासारखे दिसणारे डोळे, मिशीला लागलेली मोहरीची चटणी. लोक हसून हसून वाकले. मागून कुणीतरी "आंधळा! आंधळा!" सुरू केलं आणि दहा रांगांनी ते उचललं.

क्लेमंटच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण एकतीस वर्षं शिव्या खाल्लेला माणूस होता तो, आरडाओरडा त्याला शोभला नसता. त्यानं चष्मा काढला, दोन्ही काड्या नीट मिटल्या, खेकड्याच्या नांगीत दिला. काठीही दिली. मग उठला आणि एकेक पायरी चढत बाहेर निघून गेला. लोकांना तोही खेळाचाच भाग वाटला. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

वाहनतळावर रोक्सॅननं धावत येऊन त्याला गाठलं. मागून अर्लीन, तिच्यामागे टॉड.

"पप्पा, अहो गंमत होती ती!"

"त्यांना ही गोष्ट कुणी सांगितली?"

"मी. वाढदिवसाचा फॉर्म भरायचा होता. त्यात लिहिलं होतं, पाहुण्याविषयी एक गमतीदार आठवण द्या."

"गमतीदार?" क्लेमंटचा आवाज चढला. "तुझी आई महिनाभर फोन उचलायला घाबरत होती. टपालाच्या पेटीत मेलेला मासा टाकला होता लोकांनी! आणि ही तुझी गंमत?"

"इतकी वर्षं झाली, पप्पा. सगळे हसतात आता त्यावर. तुम्हीच तेवढे..."

"मी बरोबर होतो, म्हणून मी हसत नाही!"

"बरं, खरं सांगू?" रोक्सॅनचाही तोल गेला. "तो सेफ होता! मी होते तिथे. बाकावर उभं राहून बघत होते. त्याचा हात प्लेटवर गेला. सगळ्या गावानं बघितलं, मीपण बघितलं!"

क्लेमंट तिच्याकडे बघतच राहिला. गावानं म्हणावं, शिव्या द्याव्यात, मासे टाकावेत. पण पोटची पोर सदतीस वर्षं एका टेबलावर जेवली आणि मनात हे घेऊन जेवली? वाढदिवसाचा केक फ्रिजमध्ये तसाच राहिला.

त्या मॅचची हकीकत अशी. काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची फायनल, नेमलेल्या पंचाची गाडी वाटेत बंद पडली. आयोजकांनी प्रेक्षकांत बसलेल्या क्लेमंटला हात जोडले. टॅनर्स रनचाच माणूस पंच म्हटल्यावर समोरच्या संघानं कुरकुर केली, आणि गावानं मनातल्या मनात लाडू खाल्ले. शेवटची इनिंग, गाव एका रननं मागे, शेवटचा गडी. कर्टिस वोलाक नावाचा पोरगा जिवाच्या आकांतानं होम प्लेटकडे धावत सुटला. प्लेटला हात लागला तर बरोबरी. चेंडू त्याच्या आधीच कॅचरच्या, म्हणजे प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्याच्या, हातात आला होता. कर्टिस पोटावर घसरला, कॅचरला चुकवत बाजूनं गेला आणि त्यानं हात प्लेटवर फिरवला. कॅचरनं मग वळून त्याला चेंडूनं शिवलं. हात आधी लागला, असं दीड हजार डोळ्यांनी पाहिलं. क्लेमंटनं पाहिलं ते वेगळंच. हात प्लेटच्या वरून गेला, पण टेकला नाही. मधे बोटभर उजेड होता. "आऊट!" तो म्हणाला, आणि आपल्याच गावात परका झाला.

शनिवारी सकाळी तो पॅनकेक खाऊन उठला. स्वयंपाकघरातली भाजी चिरायची लाकडी फळी घेऊन पायऱ्या उतरला आणि भिजल्या वाळूवर फळीच्या कडेनं रेघा मारायला लागला. पाच कोनांची होम प्लेट, वितीनं मोजून सतरा इंच रुंद. त्यावर त्यानं कोरडी, पिठासारखी वाळू मुठीनं भुरभुरली. बोट नुसतं टेकलं तरी ठसा उमटेल इतकी पातळ.

"रोक्सॅन!" त्यानं हाक मारली. "ये खाली. कर्टिसनं केलं तसं कर. टॉड, तू बाजूला वीस पावलांवर उभा राहा. तू म्हणजे गाव."

"पप्पा, मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे!"

"मी पंचाहत्तरचा आहे, तरी वाकतोय ना?"

अर्लीन खुर्ची ओढून बसली. "पळ गं," ती म्हणाली. "नाहीतर हा मरेपर्यंत वाळूत उभा राहील."

रोक्सॅन चिडूनच आली होती. त्या रागातच ती धावली आणि अशी काही पोटावर घसरली, की शेजारच्या छत्रीखालचं म्हातारं जोडपं उठून उभं राहिलं. हात रेघांवरून फिरला.

"लागला!" टॉड ओरडला.

"सेफ," क्लेमंट म्हणाला. वाकून बघितलं तर चार बोटांचा स्वच्छ ठसा.

त्यानं पुन्हा वाळू भुरभुरली. रोक्सॅन पुन्हा धावली, पुन्हा घसरली.

"लागला!" टॉड म्हणाला. छत्रीवालेही म्हणाले, "लागला, लागला."

"आऊट," क्लेमंट म्हणाला.

सगळे पुढे आले. वाळूवर ओरखडासुद्धा नव्हता. टॉडनं डोकं खाजवलं. "पण मी तर बघितलं..."

"तू वीस पावलांवरून बघितलंस!" क्लेमंट गरजला. "सगळं गाव वीस पावलांवर उभं होतं! तिथून हात दिसतो, हाताखालचं दिसत नाही. हेच मी बोंबलून सांगत होतो, कुणी ऐकलं?"

आता वाळूत आठ-दहा माणसं गोळा झाली होती. रोक्सॅनच्या कोपराला खरचटलं होतं, केसांत वाळू. "अजून एकदा," ती म्हणाली. आता ती थांबायला तयार नव्हती.

तिसऱ्यांदा ती आली ती वाऱ्यासारखी. क्लेमंट वाकला, एक गुडघा करकरला, डोळे रेघांवर खिळले.

"आऊट!"

तो अजून वाकला. रेघेच्या अगदी कडेला, करंगळीच्या टोकाएवढा, एक बारीक खळगा होता.

"वारा असेल," टॉड समजूतदारपणे म्हणाला.

"वारा कुठाय?" अर्लीन म्हणाली.

क्लेमंट त्या खळग्याकडे बघत उभा राहिला. काच तपासताना बघायचा तसा. मग त्यानं दोन्ही हात बाजूला पसरले, मैदानावर पसरायचा तसे. "सेफ," तो म्हणाला. "माझं चुकलं." आणि लगेच वळून, बोट उगारून, "पण आज चुकलं! त्या दिवशी नाही!"

"मला काय करायचंय त्या दिवसाचं!" रोक्सॅन एवढ्या जोरात ओरडली, की गोळा झालेली माणसं एक पाऊल मागे सरली. ती अजून वाळूतच बसली होती. "तो आऊट असेल नाहीतर सेफ असेल. तुम्ही निर्णय दिलात आणि सोमवारी कामावर गेलात. शनिवारी पुढच्या मॅचला गेलात. मी शाळेत गेले, पप्पा! वर्षभर आंधळ्याची पोरगी म्हणाले मला. माझ्या डब्यात वाळू घातली. मी संडासात बसून डबा खात होते. तुम्ही एकदा तरी विचारलंत?"

"तू... तू कधी सांगितलं नाहीस."

"कुणाला सांगणार? तुम्ही रोज रात्री जेवताना बोटांनी दाखवायचात, एवढा उजेड होता, एवढा उजेड. मी काय मधे बोलणार? म्हणून मी हसायला शिकले. दुसऱ्यानं हसायच्या आधी आपणच हसायचं. मला वाटलं, तुम्हालाही एकदा हसता आलं तर... तेवढ्यासाठी तो फॉर्म भरला मी."

अर्लीन उठली, तिनं टॉवेल आणून मुलीच्या खांद्यावर टाकला. "मला थोडं ठाऊक होतं," ती हळूच म्हणाली. "सगळं नाही." क्लेमंटनं बायकोकडे असं बघितलं की तिनं मान खाली घातली.

रविवारच्या मॅचला तो जाणार नाही असंच सगळ्यांना वाटलं होतं. पण दुपारी बाराला तो टोपी घालून पायऱ्यांवर उभा होता. "रोक्सॅन, चल. मॅचच्या आधी मला त्या ऑफिसात जायचंय."

क्लबच्या ऑफिसात एक तरतरीत तरुण भेटला. दोन दिवसांपूर्वीच्या पाहुण्याला ओळखून त्याला आनंदच झाला.

"सर! तुम्ही तर हिट झालात! व्हिडिओ काय चाललाय तुमचा!"

"तो चष्मा आणि ती काठी बंद करा," क्लेमंट म्हणाला. "पंचाची थट्टा करा, हरकत नाही. लोकांनी ओरडावं, पैसे दिलेत त्यांनी. पण क्लबनं स्वतः काठी नाचवायची? तुमच्या मैदानावर उभा असतो तो पोरगा. त्याच्या देखत हे नाचता तुम्ही? आणि खरोखरचा आंधळा माणूस बसला असेल वर, त्याचं काय?"

"सर, लोकांना आवडतं ते. मी तुम्हाला पुढच्या महिन्याची दोन फुकट तिकिटं देऊ का?"

"मी तिकीट मागितलं?"

"टोपी देऊ?"

रोक्सॅननं बापाचा दंड धरून त्याला बाहेर आणलं. नाहीतर त्या तरुणाचं काय झालं असतं कोण जाणे.

ते जाऊन बसले. शुक्रवारचाच तरुण पंच होता. चौथ्या इनिंगला त्यानं एक अवघड निर्णय दिला, लोकांनी हुर्यो उडवली. इनिंग संपली तसा खेकडा मैदानात आला आणि पाणी पीत उभ्या असलेल्या त्या पंचाच्या पाठीमागे चष्मा लावून काठीनं चाचपडत नाचू लागला. पोरगा ताठ उभा राहिला. मान वळवली नाही. पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या तिसऱ्या रांगेतून दिसत होत्या.

क्लेमंट उठणार इतक्यात शेजारची खुर्ची धाडकन मिटली. रोक्सॅन खाली कठड्यापर्यंत पोचलीसुद्धा होती.

"ए खेकड्या! लाज वाटते का? ठेव ती काठी! त्याच्या घरी पोरंबाळं असतील! उद्या त्यांना शाळेत काय काय ऐकावं लागेल, माहितेय का तुला?"

खेकडा गोंधळून थांबला. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमच, ते हसले. त्या हसण्यानं ती जास्तच पेटली. हातातला शेंगांचा पुडा तिनं भिरकावला, तो खेकड्याच्या डोळ्यावर बसला आणि त्याचा एक स्पंजाचा डोळा लोंबकळायला लागला. दोन मिनिटांत पिवळं जाकीट घातलेला एक म्हातारा कर्मचारी आला.

"बाई, तुम्हाला बाहेर जावं लागेल. मैदानात वस्तू फेकायची नाही, नियम आहे."

"नियम बरोबर आहे," क्लेमंट मागून म्हणाला. "चल, रोक्सॅन. मीपण येतो."

"तुम्ही नाही साहेब, तुम्ही काही केलं नाही."

"सदतीस वर्षं काहीच केलं नाही, तेच तर झालं ना," क्लेमंट म्हणाला, आणि तिच्यामागून पायऱ्या चढू लागला. त्यानं स्वतः आयुष्यात बावीस जणांना मैदानाबाहेर काढलं होतं. त्याला बाहेर काढल्याचा हा पहिलाच प्रसंग. अर्लीन आणि टॉड आत राहिले. चौघांपैकी कुणीतरी मॅच बघितली पाहिजे, तिकिटं वाया जातील, असं अर्लीनचं म्हणणं पडलं.

बापलेक वाहनतळावर गाडीच्या सावलीत बसले. आतून लोकांचा आवाज येत होता. काही वेळ क्लेमंट बुटांतली वाळू झटकत राहिला.

"नावं सांग," तो एकदम म्हणाला.

"कसली नावं?"

"डब्यात वाळू घालणाऱ्यांची."

"पप्पा, जाऊ द्या ना आता."

"मी विचारतोय ना? तेव्हा विचारलं नाही, आता विचारतोय. पहिल्यापासून सांग. कोण होतं, कुठल्या वर्गात, बाई कोण होत्या आणि त्या काय करत होत्या."

रोक्सॅननं आधी टाळलं. मग एक नाव सांगितलं, मग दुसरं. मग बँडच्या तासाला बासरी लपवली ते सांगितलं, सहलीच्या बसमध्ये शेजारी कुणी बसलं नाही ते सांगितलं. सांगता सांगता तिला रडू आलं, आणि तिनं ते लपवलं नाही. क्लेमंट मधे एकदाही बोटांनी उजेड दाखवायला गेला नाही. नुसता ऐकत होता.

"आणि पुढारी कोण होती ह्या सगळ्यांची?"

"लोरीन. डस्टिनची मुलगी."

"रॉय डस्टिनची?" क्लेमंट ताडकन उठला. गुडघ्यानं आवाज केला, त्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. "माझ्याबरोबर काच तपासायचा तो! सकाळ-संध्याकाळ माझ्या गाडीतून यायचा-जायचा! आणि त्याची पोरगी माझ्या पोरीच्या डब्यात वाळू घालते? दे तो मोबाइल. आत्ता फोन लावतो त्याला."

"पप्पा, रॉय डस्टिन मेला. अकरा वर्षं झाली. तुम्हीच गेला होतात मातीला."

"मेला म्हणून काय झालं?" क्लेमंट ओरडला. "त्याची बायको आहे ना अजून? तिला लावतो!"